बुर्डाचे जुने अंक आणि त्यातली ती पॅटर्न शीट, अजून कोणी वापरतं का?

रॅग्लनबाही (पुणे)

माझ्याकडे आईने जपलेले बुर्डा मोडेन ह्या जर्मन शिवण-फॅशन मासिकाचे अंक आहेत, बहुतेक सगळे १९७४ ते १९८३च्या मधले. काका तेव्हा श्टुटगार्टला नोकरीला होता, काकू वर्षभराचे अंक साठवून ठेवायची आणि सुट्टीत इकडे येताना बॅगेत चॉकलेटं कमी आणि हे गठ्ठे जास्त. आता लेक त्यातला एक रॅग्लन बाहीचा (बाही खांद्यासकट थेट गळ्यापर्यंत जाते तो) कोट बघून मागे लागलीये की हाच शिव, अस्साच, म्हणून धागा काढतेय. प्रश्न शेवटी विचारते, आधी थोडं बोलू द्या.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलंच नाही त्यांच्यासाठी सांगते. अंकाच्या मध्ये घडी घातलेल्या मोठ्या शीट्स असतात, दोन्ही बाजूंनी छापलेल्या, उघडली तर डायनिंग टेबल पुरत नाही. एकेका बाजूवर कितीतरी ड्रेसांचे भाग एकमेकांवर छापलेले, कल्याण जंक्शनला रूळ होतात तसा रेघांचा गुंता. लाल, हिरव्या, काळ्या, निळ्या, आणि त्यातही साइजप्रमाणे रेघ बदलते, एक अखंड, एक तुटक, एक ठिपका-रेघ. शीटच्या कडेला त्या त्या रंगात भागांचे नंबर असतात. आई नंबर शोधायची आणि तिथून बोट सरळ आत न्यायची, तोच नंबर आत सापडला की तो आपला भाग. मग वर बटर पेपर, चार कोपऱ्यांवर अडकित्ता, खलातला दस्ता, इस्त्री आणि तांब्या, आणि पेन्सिलीने एक एक रेघ उतरवायची. तेव्हा हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कारण नजर हलली की रेघ हरवते आणि दुसऱ्याच कुठल्या तरी स्कर्टच्या घेरात जाऊन पोचते.

आईला जर्मन येत नव्हतं. सूचना वाचायचा प्रश्नच नव्हता. पण प्रत्येक भागाच्या कडेला जोडणीचे छोटे आकडे असतात, १ला १ जोडायचा, २ला २, तेवढ्यावर तिने काय काय शिवलं! आणि मला ह्या मासिकाबद्दल जे वाटतं ते फोटोंमुळे नाही, फोटो छानच आहेत, पण ह्या शीटमुळे वाटतं. शिवणक्लासच्या पलीकडे काही न शिकलेली बाई घरच्या पायमशीनवर पॅरिसच्या धाटणीचा कोट शिवेल हे त्या लोकांनी धरूनच चाललेलं होतं. कापायच्या आधी पूर्ण कपडा सपाट तुकड्यांत डोळ्यांसमोर यायला लागतो, ही नजर आईला त्या शीट्सनी दिली आणि तिच्याकडून मला आली. आज कुणी इतका भरवसा टाकून काही हातात देत नाही असं मला मनापासून वाटतं.

तर प्रश्न. लेक जेमतेम पाच फूट आहे, छाती ८८ सेंमी, तर ह्या जर्मन मापांत तिला कसं बसवायचं? शीट्स घडीवर फाटायला लागल्यात, त्या कशा वाचवायच्या? आणि व्होग ह्या फॅशन मासिकाच्या नावाने म्हणे पॅरिसच्या डिओर, सँ लोराँ वगैरे डिझायनरांचे खरे पॅटर्न मिळायचे, ते कोणी पाहिलेत का?

शिवणताई_नाशिक

अगं किती दिवसांनी कोणीतरी हा विषय काढला. मी क्लास घेते आणि माझ्याकडच्या मुलींना मुद्दाम बुर्डाची एक शीट दाखवते, आधी घाबरतात आणि मग सोडत नाहीत.

मापाचं सांगते. छाती ८८ म्हणजे बुर्डाचा ३८. तरी अंकातला मापांचा तक्ता आधी बघ आणि कंबर आणि सीटही (नितंबाचं माप) जुळवून घे. ड्रेस, ब्लाउज, कोट ह्यांना साइज छातीवरून निवडायचा, स्कर्ट-पॅंटला सीटवरून. आणि कोट आहे म्हणून मुद्दाम एक साइज मोठा घेऊ नकोस, आत कपडे घालायला लागणारी ढिलाई पॅटर्नमध्ये धरलेली असते.

खरी अडचण उंचीची. बुर्डाचे नेहमीचे साइज १६८ सेंमी उंचीच्या बाईसाठी आखलेले असतात. तुझी लेक १५२च्या आसपास. बहुतेकजणी काय करतात तर खालून दुमड जास्त घेतात आणि मग कमरेची रेघ सीटवर येऊन बसते, खिसे कुठच्या कुठे जातात, आणि म्हणतात पॅटर्न वाईट. उंची सगळीकडून थोडी थोडी कमी करायची, मुंढ्याच्या (बाही जोडतो त्या गोलाईच्या) पातळीवर, छाती ते कमर, कमर ते सीट, बाहीत कोपराच्या वर आणि खाली, आणि उरलेली खालून. रॅग्लनमध्ये एक मेख आहे बघ. पुढचा-मागचा भाग आणि बाही ह्यांची ती तिरकी शिवण एकच असते, त्यामुळे मुंढ्याच्या पातळीवर अंगात एक सेंमीची घडी घातलीस तर बाहीतही त्याच पातळीवर एक सेंमीची घडी घालायलाच हवी, नाहीतर दोन कडा जुळणार नाहीत आणि मग ओढून ताणून शिवलं की काखेत चुणी पडते ती जन्मभर जात नाही.

दुसरं, शीटवरच्या रेघेत माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, धरलेली नाही. ती आपण सोडायची, शिवणींना दीड सेंमी आणि खालच्या दुमडीला चार. आणि कोटाचं कापड हातात घ्यायच्या आधी मांजरपाटाचं सॅम्पल शिव. कितीही घाई असली तरी शिव.

आपल्याकडचं ड्राफ्टिंग आणि हे, दोन्हींची मजा वेगळी आहे. आपण छातीचा चौथा भाग अधिक इतकं, मुंढ्याला सहावा भाग, असं करत थेट अंगाच्या मापावरून काढतो, त्यातून कटोरी ब्लाउज जसा बसतो तसा कुठल्याही छापील पॅटर्नमधून बसणार नाही. जपानी मासिकंही साधारण ह्याच वाटेने जातात, टोकियोच्या बुंका कॉलेजचं 'सो-एन' १९३६पासून आहे, त्यात आकड्यांनिशी ड्राफ्ट देतात आणि तो आपला आपण काढायचा. पण कोटाची कॉलर, लॅपल, रॅग्लन, हे ज्या बारकाईने बुर्डात कापलेलं मिळतं ते स्वतः ड्राफ्ट करून तितकं नेमकं यायला बराच हात बसावा लागतो.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टलाच असते, त्यामुळे राहवलं नाही. इकडे जुन्या बाजारात बुर्डाचे अंक अजून दिसतात, आणि शीट आत आहे का हे बघूनच बायका घेतात, शीट नसेल तर तिथेच ठेवून देतात.

ह्या मासिकामागच्या बाईंबद्दल लिहायचंय. एने बुर्डा, जन्म १९०९, ऑफेनबुर्गच्या. ऑफेनबुर्ग म्हणजे फ्रान्सच्या सीमेजवळचं, स्ट्रासबुर्गच्या अलीकडचं छोटं शहर. वडील रेल्वेत. नवरा छपाईच्या आणि प्रकाशनाच्या धंद्यात. त्याने दुसऱ्या एका बाईला फॅशन मासिकाचा धंदा काढून दिला होता आणि तो धंदा कर्जात बुडत होता, हे एनेला १९४९मध्ये कळलं. तिने ते आपल्या ताब्यात घेतलं. चाळिशीची, मुलं असलेली, तोवर घर सांभाळणारी बाई. जानेवारी १९५०ला पहिला अंक काढला, एक लाख प्रती. १९५२पासून आत पॅटर्न शीट यायला लागली आणि मग मासिकाने मागे वळून पाहिलं नाही.

वेळही तशीच होती. युद्धात घरं गेलेली, कपाटं रिकामी, तयार कपडे परवडत नव्हते, पण शिवणयंत्र आणि हातात कसब बऱ्याच घरांत होतं. अशा बाईला नुसते सुंदर कपडे दाखवून उपयोग नव्हता, ते शिवायची सोय हातात द्यायला हवी होती. एने पॅरिसचे शो बघायची आणि तिकडची धाटणी अशी करून आणायची की ती कचेरीत जाणाऱ्या बाईलाही घालता यावी. मला ती ह्यासाठी फार मोठी वाटते. १९८७मध्ये बुर्डा रशियनमध्ये निघालं, सोव्हिएत काळात, आणि तिथे तर दुकानात मनासारखं काही मिळतच नव्हतं, त्यामुळे एकेक अंक मैत्रिणींत फिरायचा आणि शीटवरून किती जणी उतरवून घ्यायच्या. २००५ला वारली, ९६ वर्षांची.

बुर्डा अजून निघतं बरं का, शीटही असते, फक्त रेघांची गर्दी पूर्वीइतकी भयंकर नाही.

रॅग्लनबाही, अंक जर्मनमध्ये असतील तर त्या कोटाच्या सूचनांच्या पानाचा फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठव, मी मराठीत करून देते.

पिक्सेलटाका

काकू, तुमचं लिखाण वाचताना मजा आली, पण मला थोडं वेगळं मांडायचंय, राग नसावा. मी पीडीएफ पॅटर्नवर शिवायला शिकले. ए-फोरची पानं प्रिंट करून चिकटवायची, हवा तो साइज तेवढाच प्रिंट करता येतो, सोबत व्हिडिओ असतो, अडलं तर डिझायनरला थेट मेसेज करता येतो. माझा साइज जुन्या अंकांत क्वचितच सापडतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या अंकांत एखादं मॉडेल एक-दोन साइजमध्येच असायचं, म्हणजे ज्या बाईचं अंग त्या मापात बसत नाही तिने फक्त फोटो बघायचे. 'भरवसा टाकला' म्हणता तो सगळ्यांवर नव्हता टाकलेला. आज एखादी मुलगी कुठल्याही गावात बसून कुठल्याही मापाचा पॅटर्न उतरवून घेऊ शकते, मला तो जास्त मोठा भरवसा वाटतो.

पण जुन्या कटिंगबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. हल्ली बऱ्याच पॅटर्नमध्ये टक्सच (आकार यावा म्हणून घातलेल्या शिवलेल्या चुण्या) नसतात, सगळं ढगळ, कारण ढगळ कपडा सगळ्यांना होतो. मी आजीचा सत्तरच्या दशकातला एक ड्रेस उसवून त्याचा कागद काढला, पाठीला खांद्यावर एवढासा टक्स होता, बोटाच्या पेराएवढा, आणि तेवढ्यामुळे तो मानेमागे असा बसायचा की माझा एकही ड्रेस तसा बसत नाही.

रॅग्लनबाही (पुणे)

राग कसला, मापांचा मुद्दा खराच आहे. आमच्या शेजारच्या काकू यायच्या अंक बघायला, त्यांच्या मापाचं आईला स्वतः वाढवून काढायला लागायचं आणि त्यात अर्धा दिवस जायचा. मुलांचे कपडे, मोठ्या मापांचे दोन-चार ड्रेस असायचे अंकात, पण जे बघून जीव जायचा ते नेमकं ३८-४०मध्येच. तरी अर्धा दिवस घालवून का होईना ते निघायचं ना, कारण खालचा सांगाडा इतका नीट होता. पीडीएफ मी पण वापरलंय, मला पानं चिकटवायचा कंटाळा येतो एवढंच.

जर्सीतली_मृणाल

व्होगवर मी लिहिते, माझ्याकडे बरेच आहेत, इकडे अमेरिकेत इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात त्यात) शिवणाच्या डब्याबरोबर पॅटर्नची पाकिटंच्या पाकिटं मिळतात.

आधी फरक लक्षात घ्या. बुर्डामध्ये पॅटर्न मासिकाच्या आत असतो. अमेरिकेत मासिक म्हणजे नुसता सुंदर कॅटलॉग असायचा, व्होग पॅटर्न बुक सारखा, त्यात बघायचं, नंबर टिपायचा आणि दुकानात जाऊन त्या एका ड्रेसचं पाकीट विकत घ्यायचं. आत पातळ टिश्यूवर प्रत्येक भाग वेगळा, आणि इथे दीड सेंमीची माया धरलेली असते. टिश्यूवरचे साइजवार पॅटर्न हा बटरिकचा वारसा, मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी, १८६३ला त्याने हा उद्योग सुरू केला.

डिझायनरचे म्हणाल तर व्होगने १९४९मध्ये 'पॅरिस ओरिजिनल' मालिका काढली, बाल्मां, जाक फाथ, लान्व्हँ, स्कियापारेली वगैरे पॅरिसच्या हाउसेसची रीतसर परवानगी घेऊन. पुढे डिओर, जिव्हाँशी, पिएर कार्दँ आले. आणि ह्या पॅटर्नबरोबर कपड्यात आतून शिवायला विणलेलं लेबल मिळायचं. माझ्याकडच्या एका पाकिटात ते लेबल अजून तसंच आहे, न शिवलेलं, आणि टिश्यूच्या घड्याही कारखान्यातल्याच. कुणीतरी हौसेने आणला आणि राहून गेला. मला तो कापवत नाही. पुढे अमेरिकन डिझायनर आले, ऐंशीच्या दशकात जपानी डिझायनर इस्से मियाकेचे निघाले, ते तर टेबलावर मांडले तरी कळत नाही की ह्यातून नक्की काय होणार, अंगावर चढवल्यावरच उलगडतं.

सँ लोराँचा १९६५चा तो मोंद्रियान ह्या चित्रकाराच्या चित्रांवरून केलेला ड्रेस आठवतोय ना, पांढऱ्यावर काळ्या पट्ट्या आणि लाल-निळे-पिवळे चौकोन, त्याचा पॅटर्न व्होगने १९६६ला काढला, नंबर १५५७. फोटोत वाटतं सरळसोट पोतं आहे आणि वर पट्ट्या लावल्यात. तसं नाहीये. चौकोन वेगवेगळे कापून जोडलेले आहेत आणि अंगाला लागणारा सगळा आकार त्या जोडांत लपवलाय, म्हणून बाहेरून एकही टक्स दिसत नाही. हे असं तुकडे हातात घेतले की कळतं, म्युझियममध्ये काचेपलीकडून बघून नाही कळत. माझ्या मते रॅग्लनबाहीने लिहिलंय त्याचं सार हेच आहे. एरवी फॅशन हाउसच्या भिंतीआड राहणारी गोष्ट, कापायची पद्धत, ती ह्या लोकांनी बाहेर दिली.

पाहायचे असतील तर ऱ्होड आयलंड युनिव्हर्सिटीचं कमर्शियल पॅटर्न आर्काइव्ह आहे, त्यांचा ऑनलाइन डेटाबेस आहे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे पॅटर्न, भागांच्या आकारांसकट. एकदा शिरलात की संध्याकाळ गेलीच समजा.

म्हापशेकार

आमच्याकडे गोव्यात आई लग्नाचे गाउन शिवायची, तिला ह्या मासिकांशिवाय भागत नसे. नात्यातले लोक लिस्बनला, पोर्तुगीजमधले अंक तिथून यायचे आणि गल्फमधून इंग्रजी. नवरीची आई अंक घेऊन बसायची, बाही ह्या पानावरची, गळा त्या पानावरचा आणि घेर तिसऱ्याच पानावरचा असं सांगायची, आणि आई ते तिन्ही एकत्र करून नवा कागद काढायची. सॅटिन उरेब (तिरकं) कापलेलं असलं की ते रात्रभर टांगून ठेवायची, कापड आपल्या वजनाने उतरतं तेवढं उतरू द्यायचं आणि मगच खालची कड सारखी करायची. तिच्या कात्रीला आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. तिने काढलेले कागद अजून आहेत घरात, प्रत्येकावर नवरीचं नाव आणि चर्चचं नाव लिहिलेलं.

रद्दीतलं_सोनं

शीट वाचवायचं मी सांगतो, शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही पण जुन्या कागदांचा नाद आहे.

पहिली गोष्ट, सेलोटेप लावू नका. आज चिकटेल, काही वर्षांत पिवळी पडून गळून जाईल आणि डिंकाचा चिकट तपकिरी डाग कायमचा राहील, रेघेसकट. लॅमिनेशनही नको. फाटलंय तिथे मागून पातळ जपानी टिश्यू आणि खळ, गव्हाच्या सत्त्वाची पातळ, बास. तुमची शीट दोन्ही बाजूंनी छापलेली आहे त्यामुळे टिश्यू जितका पातळ तितकं बरं. अंकाच्या पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढून टाका, गंज कागद खातो. शक्य असेल तर शीट घडी न घालता सपाट ठेवा, जागा नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा, पण घडी त्याच रेघेवर परत परत नको. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी ठेवा, डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून नकोत. पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडं ठेवा.

आणि मूळ शीटवर ट्रेसिंग व्हील फिरवू नका, तिचे दात कागदाला भोकं पाडतात. तुमच्या आई बटर पेपर वर ठेवून पेन्सिलीने उतरवायच्या तेच बरोबर. किंवा पारदर्शक प्लास्टिक वर टाका आणि मार्करने काढा.

पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नजर ठेवा, परदेशी मासिकांचे गठ्ठे मधूनच येतात. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर पूर्वी खूप मिळायचे, आता कमी झालेत.

रॅग्लनबाही (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. खळ आणि टिश्यूचं काम सुरू केलंय, मांजरपाट आणलंय. नेकारकाठ, पानाचा फोटो निरोपात टाकलाय. मृणाल, आर्काइव्हमध्ये शिरले आणि खरंच संध्याकाळ गेली.

आता एक अडलंय. कोटाचे भाग १ ते ९ आहेत असं छोट्या चित्रात दिसतंय. १ ते ७ शीटवर सापडले, लेकीने आणि मी मिळून सगळी लाल रेघ पालथी घातली, ८ आणि ९ कुठेच नाहीत. शीट फाटून तुकडा गेलाय असंही नाही. आईने कसे काढले असतील?

शिवणताई_नाशिक

८ आणि ९ चित्रात सरळ पट्ट्या दिसतायत का बघ, बेल्ट किंवा बाहीची पट्टी? बुर्डा साधे आयताकार भाग शीटवर काढत बसत नाही, त्यांची फक्त लांबी-रुंदी सूचनांमध्ये लिहिलेली असते, आपण थेट कापडावर खडूने आखायची.

नेकारकाठ

बरोबर, आत्ताच तुझं पान वाचलं. ८ म्हणजे बेल्ट आणि ९ बेल्टचे लूप. बेल्टच्या मापात माया धरलेली आहे असं तिथे लिहिलंय, तेव्हा ह्या दोन भागांना वरून आणखी सोडू नकोस. बाकीचं भाषांतर रविवारपर्यंत पाठवते.